घोडे बदलत विमानापर्यंत

आमच्या बदलापूरच्या नावाची एक गोष्ट सांगतात. सुरतेच्या वाटेवर जाणारे-येणारे स्वार या गावात थांबायचे, दमलेले घोडे इथे सोडायचे, ताजे घोडे घ्यायचे आणि पुढे निघायचे. घोडे बदलायचं गाव म्हणून बदलापूर. ही व्युत्पत्ती इतिहासाला धरून आहे की लोकांनी मागाहून जुळवली, या वादात मी पडत नाही. पण घरातलं कुणी विमानाने जायचं ठरलं, की मला ती शंभर टक्के खरी वाटू लागते. कारण बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून मुंबईच्या विमानतळावर वेळेत पोचायचं असेल, तर आजही घोडे बदलावेच लागतात. एकाच घोड्यावर बसून राहण्याचा हट्ट आम्ही एकदा केला होता. त्याची किंमत धाकट्या भावाने मोजली.

गोष्ट २०१७ सालच्या जुलैमधली. भाऊ मस्कतला नोकरीला. महिनाभराची रजा संपवून परत निघाला होता. रात्री नऊचं विमान होतं. घरात चर्चा झाली, सामान जड आहे, आई सोबत येणार आहे, पाऊस आहे, तर सरळ गाडी करू. दुपारी साडेतीनला आम्ही निघालो. काटई नाक्यापर्यंत ठीक होतं. शिळफाट्याला जे अडकलो, ते तासभर जागचे हललो नाही. पुढे महापे, ऐरोलीचा पूल, मग पूर्व द्रुतगती मार्ग, सगळीकडे लाल दिव्यांची माळ. साडेसात वाजता आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या पुलावर उभे होतो. हा पूल मध्य रेल्वेच्या डोक्यावरून जातो. खालून दर तीन-चार मिनिटांनी लोकल जात होती. मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांमध्ये तर बसायला जागा होती, वरून स्पष्ट दिसत होतं. भाऊ ते बघत होता. कुणी काही बोललं नाही.

विमान गेलं. नवं तिकीट काढावं लागलं, हजर व्हायची तारीख चुकली आणि पगारातून दिवस कापले गेले. आईने करून दिलेला चिवड्याचा डबा तसाच घरी परत आला. आमच्याकडे तो आठवडाभर कुणी उघडला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी स्टेशनवर एका ओळखीच्या गृहस्थांना मी ही हकिकत सांगितली. ते विमानतळावर मालाच्या विभागात काम करत आणि बदलापूरहून रोज जाऊन-येऊन करत. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, रस्ता म्हणजे नशीब. लोकल म्हणजे टाइमटेबल. तुम्ही एका दिवसासाठी जाता म्हणून गाडी करता. आम्हाला रोज जायचं असतं, आम्ही कशी करणार?" माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, की विमानतळावर सामान चढवणारे, फरशा पुसणारे, दारावर पहारा देणारे, खिडकीमागे बसणारे किती तरी जण आमच्याच पट्ट्यात राहतात. विमानतळाचा रस्ता विचारायचा तर यांना विचारावा. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या गृहस्थांकडून शिकलेलं आहे.

आधी अडचण नेमकी काय होती, ते समजून घेऊ. रेल्वे आमच्याकडे फार लवकर आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ साली आमच्या भागातून पुढे खोपोलीच्या बाजूला गेले. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवली गेली आणि १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, तेव्हाही त्यांच्या संसाराला आधार होता तो या रुळांचाच. अंबरनाथचे कारखाने, बदलापूरच्या नव्या इमारती, सगळं या एका धाग्यात ओवलेलं. पण हा धागा उत्तर-दक्षिण जातो. विमानतळ सांताक्रूझ-सहारला, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या बाजूला. मुंबईत या दोन रेल्वे जवळजवळ समांतर धावतात आणि प्रवाशाला एकीवरून दुसरीवर जायचं तर मुख्यतः दादर गाठावं लागे. म्हणजे बदलापूरहून दादर, दादरचा तो प्रसिद्ध पूल, मग पार्ले किंवा अंधेरीची लोकल, उतरून रिक्षा. विमानतळ मागे टाकून दक्षिणेला जायचं आणि पुन्हा उत्तरेला यायचं. हातात बॅगा असताना हे कोण करणार? म्हणून लोक गाडी करायचे.

ही गाठ पहिल्यांदा सुटली ८ जून २०१४ रोजी. त्या दिवशी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली. लांबी जेमतेम साडेअकरा किलोमीटर, स्थानकं बारा. पण पूर्व-पश्चिम जाणारा रूळ मुंबईला मिळाला. आता घाटकोपरला उतरून मेट्रोने साकीनाका-मरोळपर्यंत जाता येऊ लागलं. तिथून रिक्षा मात्र लागायचीच. २०१७ साली हा मार्ग होता, आम्ही वापरला नाही, हे आमचं शहाणपण.

दुसरी गाठ सुटली ऑक्टोबर २०२४ मध्ये. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी भुयारी मेट्रो सुरू झाली. हीच ती मेट्रो तीन, तिला ॲक्वा लाइन म्हणतात. मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना या मार्गावर स्वतःचं स्थानक आहे आणि पहिल्या मेट्रोशी तिची भेट मरोळ नाक्याला होते. म्हणजे आता बदलापूर ते विमानतळ हा सगळा प्रवास रुळांवरून होऊ शकतो. रस्त्यावरच्या एकाही सिग्नलशी आपला संबंध नाही.

आता प्रत्यक्ष कसं जायचं?

पहिला घोडा, लोकल. बदलापूरकरांनी शक्यतो बदलापूरहूनच सुटणारी गाडी धरावी, कर्जत-खोपोलीहून भरून येणारी नको. अंबरनाथकरांनीही अंबरनाथ लोकल बघावी. उल्हासनगरकरांच्या आसपास शहाड, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर अशी तीन स्टेशनं आहेत. घरापासून जवळचं कुठलं, हे ते आमच्यापेक्षा चांगलं जाणतात. गाडी फास्ट असेल तर घाटकोपरला थांबते ना, हे आधी बघून घ्या. बहुतेक थांबतात, सगळ्या नाहीत. बदलापूर ते घाटकोपर फास्टने साधारण तासाभराचा प्रवास. ठाणं सुटलं की उठून दाराच्या दिशेने सरका आणि पुढच्या माणसाला विचारा, "घाटकोपर?" हा एक शब्द पुरतो. तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा, "नाही" म्हणाला तर जागा बदलून घ्या. बॅग नेहमी आपल्या पुढे ठेवा. मागे ठेवलेली बॅग डब्यातच राहते आणि आपण फलाटावर.

दुसरा घोडा, मेट्रो एक. घाटकोपर स्टेशनच्या पुलावरूनच मेट्रोकडे वाट आहे. बॅगा तपासणीच्या यंत्रातून जातात, तिथे रांग असते, ती वेळ धरून चला. जागृती नगर, असल्फा, साकीनाका आणि चौथं मरोळ नाका. दहा-बारा मिनिटं लागतात. इथे एक सावधगिरीची सूचना. मरोळ नाक्याच्या पुढच्या स्थानकाचं नाव आहे एअरपोर्ट रोड. नाव ऐकून पाहुणे हमखास तिथे उतरतात आणि मग रिक्षा शोधत फिरतात. भुयारी मेट्रोसाठी मरोळ नाक्यालाच उतरायचं. नावावर जाऊ नका.

तिसरा घोडा, मेट्रो तीन. मरोळ नाक्याला वरून खाली, जमिनीच्या पोटात जायचं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. कफ परेडच्या दिशेची गाडी घ्यायची. पहिलंच स्थानक टर्मिनल दोन, तिसरं टर्मिनल एक. मधलं सहार रोड. आपलं विमान कुठल्या टर्मिनलचं, हे तिकिटावर लिहिलेलं असतं. ते घरीच वाचा. विमान कंपन्या टर्मिनल बदलतात, त्यामुळे मागच्या खेपेच्या आठवणीवर विसंबू नका.

वेळेचा हिशेब सोपा आहे. फलाटापासून टर्मिनलपर्यंत, चालणं आणि रांगा धरून, दोन तास. वर अर्धा तास राखीव. देशातल्या प्रवासाला विमानतळावर दोन तास आधी आणि परदेशच्या प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, तर घरातून अनुक्रमे पाच आणि सहा तास आधी निघावं. खर्च म्हणाल तर साधी लोकल आणि दोन्ही मेट्रो मिळून माणशी शंभर रुपयांच्या आत. टॅक्सीला हजाराच्या वर मोजावे लागतात आणि शिळफाट्याची हमी कुणीच देत नाही. तिकिटांसाठी वेगवेगळ्या खिडक्यांवर उभं राहायचं नसेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं 'मुंबई वन' हे ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा. त्यात लोकल, मेट्रो आणि आपल्याकडच्या परिवहनच्या बस अशी तिकिटं एकत्र काढता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गर्दीचा. सकाळी आठ ते अकरा या वेळेत बॅगा घेऊन अप लोकलमध्ये चढण्याचा विचारही करू नका. ते आपल्यासाठी धोक्याचं आणि ऑफिसला जाणाऱ्यांसाठी त्रासाचं. घाटकोपरची मेट्रोही त्याच वेळी ओसंडून वाहते, कारण साकीनाका-मरोळची ऑफिसं त्याच दिशेला. सकाळी दहा-अकराचं विमान असेल, तर पहाटेची गाडी धरावी आणि विमानतळावर जाऊन चहा घेत बसावं. संध्याकाळी मात्र उलट. सगळी मुंबई आपल्याकडे परतत असते, तेव्हा आपण तिच्या विरुद्ध दिशेने जात असतो. अप लोकलही मोकळी आणि घाटकोपरहून निघणारी मेट्रोही. पुलावरून आम्ही बघत होतो, त्या याच गाड्या.

सामान जास्त असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर एक दुसरी वाट सुचवतो. ती लांबची आहे पण निवांत आहे. घाटकोपरला उतरूच नका. सरळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत बसून जा. शेवटचं स्टेशन असल्याने उतरण्याची घाई नाही, ढकलाढकली नाही, बॅग मागे राहण्याची भीती नाही. समोरच जमिनीखाली मेट्रो तीनचं स्थानक आहे. तिथून एकाच गाडीने टर्मिनल एक किंवा दोन. घोडा एकदाच बदलायचा. वेळ तासभर जास्त धरा. वातानुकूलित लोकल मिळाली तर आणखी चांगलं, तिची दारं बंद होतात, त्यामुळे दाराशी ठेवलेल्या बॅगेची काळजी नाही. फार मोठं सामान असेल तर त्याचं वेगळं तिकीट काढून लगेजच्या डब्यातून जाता येतं. मेट्रोत मात्र सामानाच्या वजनाला आणि आकाराला मर्यादा आहे. टीव्हीचं खोकं घेऊन जाणार असाल तर गाडीच करा.

परतताना हीच युक्ती जास्त कामाला येते. संध्याकाळी सहा-सातला विमानातून उतरलात आणि घाटकोपरला बदलापूर फास्ट पकडायला गेलात, तर बॅगेसह चढणं जवळजवळ अशक्य. त्याऐवजी मेट्रो तीनने उलटं टर्मिनसला जा आणि तिथे रिकामी लागणारी गाडी घ्या. दक्षिणेकडे जाऊन पुन्हा उत्तरेला येणं वेड्यासारखं वाटतं, पण बसायला जागा मिळते आणि अंग शाबूत राहतं.

रात्रीचं काय? इथे ही व्यवस्था लंगडी पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आखाताकडे, युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि येणारी पहाटे उतरतात. मेट्रो तीनची शेवटची गाडी टोकाच्या स्थानकातून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि सकाळी सहाच्या आसपास ती पुन्हा सुरू होते. रविवारी सकाळची वेळ वेगळी असू शकते, ती आदल्या दिवशी बघावी. लोकल मध्यरात्रीनंतर थोडा वेळ चालते, पण मग तिचीही पोकळी असते. रात्री दोनचं विमान असेल, तर संध्याकाळच्या मोकळ्या गाड्यांनी नऊ-साडेनऊला विमानतळ गाठावा आणि तिथे वाट बघावी. तीन-चार तास खुर्चीवर काढणं हे पुलावर तीन तास काढण्यापेक्षा बरं. पहाटे तीनला उतरलात तर आतच बसून उजाडू द्या. एकट्या बाईमाणसाने अपरात्री सामान घेऊन धडपड करू नये. तेवढ्यापुरती टॅक्सी ठाण्यापर्यंत करून तिथून पहाटेची डाऊन लोकल घेता येते. माझे ते मालाच्या विभागातले गृहस्थ शेवटची गाडी चुकली तर काय करायचे, हे मी विचारलं होतं. म्हणाले, "फलाटावर झोपायचं. दुसरं काय?" त्यांच्या पाळ्या आणि आपल्या गाड्या यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

रविवार म्हटलं की मेगाब्लॉक आला. शनिवारी वर्तमानपत्रात त्याचा तक्ता असतो. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवल्या की अर्धा तास सहज वाढतो. आणि पावसाळा तर वेगळंच प्रकरण. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकलही थांबल्या आणि विमानतळही बंद झाला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. आमच्या भागात नदी रुळांना केव्हा भेटायला येईल, सांगता येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर आदल्या दिवशीच घाटकोपर-अंधेरीच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जावं. नाती टिकवायची ती अशाच दिवसांसाठी.

शेवटी नव्या विमानतळाबद्दल. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. त्यामुळे आता तिकीट हातात आलं की पहिला प्रश्न टर्मिनलचा नाही, विमानतळाचा. दोन्हींच्या नावात मुंबई आहे. तिकिटावर तीन अक्षरांची खूण असते. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. एक सोडून दुसरीकडे गेलात तर कुठलाही घोडा वाचवू शकणार नाही. नकाशावर नवा विमानतळ आम्हाला जवळ आहे. रेल्वेने जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल घ्यायची आणि पुढे बस किंवा रिक्षा. कल्याणहून पनवेलला बसही जातात. पनवेल-कर्जत हा उपनगरी मार्ग उभारला जातो आहे. त्यावरून लोकल धावू लागल्या की आम्ही कर्जतकडे उलटे जाऊन पनवेल गाठू. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रोचीही योजना आहे. योजना आहे, एवढंच तूर्त म्हणतो.

मागच्या नोव्हेंबरमध्ये आई पहिल्यांदाच भावाकडे मस्कतला निघाली. वय शहात्तर. मी लोकलचं नाव काढताच घरात पुन्हा तीच चर्चा झाली, सामान आहे, म्हातारं माणूस आहे, गाडी करा. या वेळी आईच म्हणाली, "त्या पुलावर मी परत बसणार नाही." दुपारच्या लोकलने आम्ही टर्मिनसला गेलो. खिडकीशी बसून तिने ठाण्याची खाडी बघितली, डबा उघडून दोन लाडू खाल्ले, शेजारच्या बाईला एक दिला. भुयारी मेट्रोत ती थोडी गप्प होती. टर्मिनल दोनला उतरलो, तेव्हा विमानाला साडेतीन तास होते. दाराशी आत फक्त प्रवाशाला सोडतात, म्हणून मी बाहेर थांबलो.

तेवढ्यात भावाचा फोन आला. तिकडे तो सकाळपासून घड्याळ बघत होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पोचलात का? गाडी कुणाची केली होती?"

आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "रेल्वेची."